वड पिकला तेव्हा तिचा घास अडकला

कापसाची दुसरी वेचणी उरकून आम्ही दोघं नाल्याकाठच्या वडाखाली बसलो होतो. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. वड लाल फळांनी लगडलेला होता. सिंधूच्या हातात फोन, माझ्या हातात काही नाही. ती मान वर करून म्हणाली, "हलू नका. नाक्या आला."

नाक्या म्हणजे धनेश पक्षी. हे नाव तिनंच ठेवलं होतं. राखाडी रंग, लांब शेपूट, अन् दुसऱ्याचं नाक उसनं आणून लावल्यासारखी मोठी चोच. तो वडाचं फळ चोचीच्या टोकात धरतो, मान मागं टाकतो, फळ हवेत उडवतो अन् आख्खं गिळतो. तिला तेवढाच फोटो पाहिजे होता. फळ हवेत अन् चोच उघडी. वर्षभर ती त्याच्या मागं होती. फोन नुसत्या रिकाम्या फांद्यांनी भरला होता, कारण बोट लागेपर्यंत पाखरू उडून जाई.

मला खोकला आला. नाक्या उडाला.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"मी का मुद्दाम खोकललो?"

"जिनगीभर तुमचं काहीच मुद्दाम नसते."

मग बोचकी डोक्यावर घेऊन आम्ही घरी आलो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं साधं, रोजचं काम ते शेवटचं. संध्याकाळी भाकरीचा दुसरा घास तिच्या छातीशी अडकला. पाणी प्याली तर पाणीही परत आलं.

मी चौथी शिकलो आहे. लिहायची सवय नाही. पण दवाखान्याच्या शेडमध्ये आमच्यासारखे पुष्कळ लोक होते. काय करावं, कुठं जावं, कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी लिहितो. डॉक्टरकीचं मला काही कळत नाही. आमचं काय चुकलं तेवढं सांगतो.

हाकलायची पाखरं

आधी हे सांगायला पाहिजे की पाखरांचं वेड मला नव्हतं. शेतकऱ्याला पाखरू म्हणजे नुकसान. सिंधूचं माहेर बीबी गावाकडचं. लहानपणी ती दिवसभर शेतातल्या उंच माळ्यावर उभी राहून गोफणीनं ज्वारी राखायची. शाळेत गेली नाही, त्याचं कारण पाखरंच. भोरड्यांचा थवा कोणत्या बाजूनं उतरेल ते तिला आधी कळायचं. लग्न होऊन आमच्याकडं आली तेव्हाही तेच काम केलं. धामणगाव बढ्याच्या या भागात तेव्हा निम्मं रान ज्वारीचं असायचं.

मग बीटी कापूस आला. पहिली काही वर्षं बोंडात अळी नव्हती, पीक चांगलं आलं, अन् सगळ्यांनी ज्वारी सोडली. आम्हीही सोडली. खायची ज्वारी बाजारातून आणू लागलो. माळे मोडले, गोफणी खुंटीला गेल्या. पाखरांना रानात काही राहिलं नाही, म्हणून ती नाल्याकाठच्या वडावर येऊ लागली. हरियाल, तांबट, बुलबुल, साळुंक्या, कोकीळ. अन् नाक्याची जोडी.

आमची एकच मुलगी, वंदना. मलकापूरला दिली आहे. तिनं तिचा जुना फोन आईला दिला, तोंड पाहून बोलता यावं म्हणून. सिंधू त्यावर पाखरांचे फोटो काढू लागली. मी म्हटलं, "कायले व हा नाद?"

ती म्हणाली, "जिनगीभर हाकलले त्यायले. आता तोंड तरी पाहू."

दाणा

घास अडकणं थांबलं नाही. रोज नाही, पण दोन दिवसांआड. ती भाकर दुधात कुस्करून खाऊ लागली. मला वाटलं म्हातारपण आहे, दात गेले आहेत. तिलाही तसंच वाटलं. शेजारच्या बायांना वाटलं की काहीतरी अडकून बसलं आहे. मग सगळ्यांनी एकच सांगितलं, ओढणारीकडं न्या.

आमच्या भागात अशा बाया आहेत. गळ्यात, पोटात काही अडकलं की त्या पितळी नळी गळ्याला बाहेरून लावतात, तोंडानं ओढतात अन् ताटलीत थुंकतात. ताटलीत जे निघतं ते अडकलेलं. मी सिंधूला घेऊन गेलो. तिकडच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं बसली होती. आमचा नंबर दुपारी आला. बाईनं तीनदा ओढलं. ताटलीत ज्वारीचा एक दाणा निघाला. ओला, पिवळट, आख्खा.

मी तो दाणा हातात घेऊन पाहिला. मला इतका आनंद झाला की मी तो कागदात बांधून घरी आणला. गावात दहा जणांना दाखवला.

आता विचार करा. भाकर पिठाची असते. पीठ जात्यातून, गिरणीतून निघतं. गळ्यात आख्खा दाणा येईल कुठून? ज्या बाईनं तीस वर्षं ज्वारी राखली, ज्या माणसानं चाळीस वर्षं ज्वारी पेरली, त्यांना एवढं सुचलं नाही. हा माझा मूर्खपणा आहे. दुसऱ्या कोणावर टाकायचा नाही.

त्याहून वाईट म्हणजे सिंधूला बरं वाटलं. वीस दिवस ती म्हणे, मोकळं वाटते. खात होती पातळच, पण म्हणे मोकळं वाटते. एकविसाव्या दिवशी भात अडकला. मी तिला पुन्हा तिकडंच नेलं. या वेळी केस निघाला. परत आठ दिवस. असे आम्ही संक्रांतीपर्यंतचे दिवस घालवले. तेवढ्या दिवसांत तिचं लुगडं कमरेला दोनदा जास्त गुंडाळावं लागू लागलं.

संक्रांतीला वंदना आली. आईला पाहिलं अन् उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "बाबा, हिला अशी होईपर्यंत तुम्ही काय करून राह्यले होते?"

मी म्हटलं, "दोनदा काढून आणलं."

"काय काढून आणलं?"

मी कागद उघडून दाणा दाखवला. तिनं तो दाणा चुलीत टाकला.

कोणाचा घास पंधरा दिवस अडकत असेल तर दवाखान्यात जा. एवढंच मला सांगायचं आहे, बाकी सगळं त्याच्या पुढचं आहे.

तो दिवस

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली अन् औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिथं घशातून दुर्बीण घातली. तुकडा काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला मी एकटा गेलो, सिंधू अन् वंदना बाहेर शेडमध्ये बसल्या.

डॉक्टरबाई आमच्या वंदनापेक्षाही लहान होती. ती म्हणाली, "काका, बसा." मी म्हटलं, उभ्यानंच सांगा. ती म्हणाली, "अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. ऑपरेशन होण्यासारखं नाही. रेडिएशनचा शेक देऊ. त्यानं वाट थोडी मोकळी होईल, घास उतरेल. किती दिवस उतरेल ते सांगता येत नाही."

मी विचारलं, "आम्ही तीन महिने आधी आलो असतो तर?"

ती कागदावर काहीतरी लिहीत राहिली.

मग मी दुसरं विचारलं. कपाशीवर फवारे मारताना नळीचं तोंड बुजलं की मी तोंडानं फुंकायचो. सगळेच फुंकतात. औषध कालवायचं काम सिंधूचं. काठी सापडली नाही तर हातानं कालवायची, अन् त्याच हातानं भाकर. गुलाबी अळी आली तेव्हापासून फवारे दुप्पट झाले. "त्यानं झालं का?"

"तसं सांगता येत नाही, काका."

"मग फुंकणारा मी, अन् झालं तिले कसं?"

"तेही सांगता येत नाही."

मला राग आला. एवढा मोठा दवाखाना, एवढ्या मशिनी, अन् सांगता येत नाही. त्या बाईची काही चूक नव्हती. तिनं मला खोटं सांगितलं नाही, आता मला त्याची किंमत कळते. पण त्या दिवशी मला कोणीतरी दोषी पाहिजे होतं.

बाहेर आलो. सिंधूनं माझं तोंड पाहिलं. म्हणाली, "मोठंच हाय न?"

मी म्हटलं, "हाव."

"मंग रडता काय? चहा तरी आणा. पाणी अन् चहा अजून उतरते मले."

शेड

शेक म्हणजे मशिनीखाली पाच मिनिटं झोपणं. त्या पाच मिनिटांसाठी दिवस जायचा. सकाळी सातला कागद लावायचा, दहाला नाव पुकारणार, अकराला म्हणणार की झेरॉक्स कमी आहे, झेरॉक्सवाला रस्त्यापलीकडं, तिथं वीस माणसं. परत आलो की नाव पुकारून गेलेलं. मग पुन्हा शेवटी. शनिवार-रविवार मशीन बंद. एकदा मशीन चार दिवस बिघडली. आम्ही शेडमध्ये चटई टाकून राहायचो. रोजचे तेच चेहरे. जालन्याचा एक गवंडी होता, त्याच्या जिभेला झालं होतं. तो हातवारे करून असा विनोद करायचा की सिंधू पोट धरून हसायची. एका सोमवारी तो आला नाही. कोणी विचारलं नाही.

पाहुण्यांचं वेगळंच. पाहायला येत अन् पिशवीतून सफरचंद, केळी, बिस्किटाचे पुडे काढत. जिच्या गळ्यातून भातही उतरत नाही तिच्यापुढं सफरचंद. वर म्हणत, "खात जा वहिनी, खाल्ल्याशिवाय ताकद कुठून येईन?" मी एकाला म्हटलं, "तूच खाय बे, तुह्यातच कमी दिसते." तो माझा सख्खा चुलतभाऊ. अजून बोलत नाही. न बोलो.

माझं अन् तिचंही भांडण व्हायचं. मी म्हणायचो, आणखी दोन चमचे पेज घे. ती म्हणायची, जात नाही. मी म्हणायचो, तू प्रयत्नच करत नाही. एकदा तिनं चमचा माझ्या हातात दिला अन् म्हणाली, "तुमी नाक दाबून तोंडात बोळा घाला अन् मंग गिळून दाखवा." आजाऱ्याजवळ बसणाऱ्यांनो, प्रयत्न कर असं म्हणू नका. त्यानं काही उतरत नाही.

माझे फोटो

कपाशीची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही वेचणीसाठी राखलेलं पीक, शेतात उभी होती, म्हणून मला दर आठवड्याला दोन दिवस गावी जावं लागे. वंदना तेवढे दिवस शेडमध्ये थांबायची. निघताना सिंधू फोन माझ्या हातात द्यायची.

"वड पिकायले आला असन. फोटो काढून आणा. नाक्याचा."

"मले येत नाई ते."

"बोंडं वेचता येतात न? मंग बोट दाबता येईन."

मी वडाखाली उभा राहिलो. उन्हानं फोनमध्ये काही दिसत नव्हतं. पाखरं वर बोलत होती, पानात हलत होती, पण बोट दाबेपर्यंत तिथं काही नसे. मी चाळीसेक फोटो काढले. सिंधूनं शेडमध्ये बसून एकेक पाहिला.

"हे काय हाय?"

"पान."

"हे?"

"माहा अंगठा."

"अन् हे?"

"ते चुकून निघालं. चप्पल हाय."

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. म्हणाली, "एक काम सांगितलं होतं."

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. धामणगावात सलीमचं फोटोचं दुकान आहे. लग्नाचे फोटो काढतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, या फोनमधी पाखरू नाई येत. इसका झूमच नाही. थांबा." त्यानं संगणकावर धनेशाचा फोटो शोधून काढला. असा झकास की पिसं मोजावीत. चोचीत लाल फळ, हवेत. नेमका तिला पाहिजे तसाच. मी तो मोठा छापून घेतला अन् पिशवीत सरळ धरून औरंगाबादला नेला. बसमध्ये मांडीवरून खाली ठेवला नाही.

सिंधूनं तो हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"तुमी काढला?"

"मंग कोणी?"

"हे वडाचं पान नाई."

मी पाहिलं. खरंच नव्हतं. लांबट, कातरलेली पानं होती. एवढी पिसं पाहिली मी, पान पाहिलं नाही.

तिनं फोटो चटईखाली ठेवला अन् तोंड फिरवून झोपली. दुसऱ्या दिवशी शेकायला जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "खोटा दाणा झाला, खोटा केस झाला, आता खोटं पाखरू बी आणलं."

ते मला लागलं. अजून लागतं. तिनं कधी दाण्यावरून मला बोल लावला नव्हता. मला वाटायचं तिला कळलंच नाही. तिला सगळं कळत होतं.

सलीमला जाऊन मी हे सांगितलं तेव्हा तो खजील झाला. त्यानं कपाटातून एक जुना कॅमेरा काढला, दूरचं जवळ दिसणारा. म्हणाला, "चाचीला द्या. नवीन आला तेव्हापासून पडून आहे. पैसे नका विचारू." मी विचारले नाहीत. अशीही माणसं भेटतात.

अकरा दिवस

शेक संपून आम्ही चैत्रात घरी आलो. गळ्याची कातडी काळी पडली होती, आवाज बसला होता. पण डॉक्टरबाई म्हणाली होती तसं झालं. एका सकाळी सिंधूनं वरण-भात कुस्करून घेतला. एक घास. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडं पाहत बसलो, म्हणजे मी पाहत होतो, ती माझ्याकडं. घास गेला. मग दुसरा.

ती म्हणाली, "गेला."

मी म्हटलं, "गेला काय?"

"गेला म्हणते न."

मी उठून बाहेर गेलो अन् बैलाच्या गळ्यात पडून रडलो. माणसासमोर रडायची मला सवय नाही.

अकरा दिवस ती जेवली. वरण-भात, मऊ खिचडी, एकदा तर दुधातली पोळी. रोज सकाळी बैलगाडीतून मी तिला वडाखाली नेई. गाडीत गादी, उशी, पाण्याची बाटली. वड चैत्रात पुन्हा पिकला होता. ती गादीवर आडवी पडून कॅमेरा छातीवर ठेवायची अन् वर पाहत राहायची. हरियाल असे हिरवे की पानात दिसत नाहीत, पण ती बोट करून दाखवायची, तो पाहा, तो पिवळ्या पायाचा. तांबटाची टुकटुक दिवसभर. मला प्रथमच कळलं की त्या झाडावर भांडणंही असतात. साळुंक्या सगळ्यांशी भांडतात. नाक्या कोणाशीच भांडत नाही, येतो, गिळतो, जातो.

"कसं जाते पाहा त्याच्या गळ्यातून," ती म्हणायची. "न चावता. आख्खं."

नवव्या दिवशी तिनं फोटो काढला. मी घरी येऊन सलीमकडं गेलो, त्यानं मोठा करून दाखवला. नाक्या आहे, मान मागं आहे, चोच पूर्ण उघडी आहे. फळ नाही. फळ फोटोच्या वर राहिलं.

परत येऊन मी तिला म्हटलं, "थोडक्यात गेलं."

ती म्हणाली, "जाऊ द्या. आता उद्या."

उद्या मिळाला, परवाही मिळाला. बाराव्या दिवशी भात अडकला.

नळी

मग उतरण लागली ती लागलीच. आधी भात गेला, मग पेज, मग चहा. ज्येष्ठात पाणीही थांबलं. औरंगाबादला डॉक्टरबाईनं सांगितलं की पोटाला बाहेरून नळी बसवू, त्यातून पातळ अन्न घालता येईल. नाही बसवली तर उपाशी जातील.

सिंधू म्हणाली, "पोटाले भोक पाडून खायचं नाई मले. तोंडानं गेलं तर खाईन, नाई तर नाई."

दोन दिवस आम्ही शेडमध्ये भांडलो. वंदना रडली. मी ओरडलो. शेवटी मी म्हटलं, "माह्यासाठी कर."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमच्यासाठी करते. माह्यासाठी नाई, ध्यानात ठेवजा."

मी सही केली. ती बरोबर होती का मी, हे मला अजून कळलेलं नाही. नळीनं तीन महिने मिळाले. ते तिला पाहिजे होते का मला, ते मला माहीत आहे.

नळीत दूध, वरणाचं पाणी, सातूचं पातळ पीठ. सिरिंजीनं हळूहळू घालायचं, मी शिकलो. पोट भरे, पण तोंड कोरडं. मग ती मिरचीचा ठेचा जिभेवर घेऊन चघळायची अन् वाटीत थुंकायची. कधी आंब्याची फोड, कधी भाकरीचा पापुद्रा. चावायची, चव घ्यायची, थुंकायची. मी आधी चिडायचो, हे काय घाण काम. नंतर मीच वाटी धरू लागलो. नळी लागलेल्यांच्या घरच्यांनो, त्यांना चावू द्या, डॉक्टरला विचारून. तेवढंच त्यांचं जेवण असतं.

वटपौर्णिमेला बाया वडाला दोरा गुंडाळून आल्या अन् तिला पाहायला बसल्या. एकीनं विचारलं, "सिंधूबाई, तुमी नाई गेल्या?" सिंधूचा आवाज अगदी घोगरा झाला होता. म्हणाली, "सात जनम हेच मांगू काय? सातही खेपा ओढणारीकडं नेतीन मले." बाया हसून लोळल्या. मीही हसलो. तीही हसली अन् नळीच्या जागी हात दाबून धरला, हसलं की दुखायचं.

भाद्रपद

भाद्रपदात कपाशी कमरेएवढी झाली अन् बोंडात पुन्हा अळी दिसली. पोळ्यानंतरचा आठवडा. मी सकाळीच पंप पाठीवर घेऊन शेतात गेलो. सिंधूजवळ वंदना होती. जाताना मी विचारलं, "काही पाहिजे?" ती मानेनं नाही म्हणाली. मग बोटानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही सांगायचं आहे. तिनं माझ्या सदऱ्याची वरची गुंडी लावली.

दुपारी शेजारचा माणूस सायकल घेऊन बांधावर आला. मी पंप तसाच पाठीवर घेऊन घरी धावलो, निम्मं औषध रस्त्यात सांडलं. अंगणात बाया बसलेल्या होत्या.

वंदना म्हणाली, नळीनं दूध घालायचं म्हणून सिरिंज भरून आणली, तर आई गेली होती.

संध्याकाळी सगळं उरकून आलो. आमच्याकडं त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. सोयऱ्यांच्या घरून भाकर-पिठलं येतं, आधी कडुलिंबाचा पाला दाताखाली धरायचा, मग दोन घास खायचे. त्याला कडू घास म्हणतात. माझा मेहुणा, सिंधूचा धाकटा भाऊ, माझ्या पुढं ताटली घेऊन बसला.

"भाऊजी, दोन घास घ्या. रीत हाय."

मी घास तोंडात घेतला. चावला. खाली जाईना. मी तो अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन थुंकून आलो. लोक म्हणाले, दुःख आहे, राहू द्या.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या सुमाराला मी कोणाला न सांगता शेतात गेलो. वड पिकला होता. भाद्रपदातही पिकतो तो, मला माहीत नव्हतं. आख्खं झाड हलत होतं. हरियाल, साळुंक्या, कोकीळ, सगळे. नाक्याची जोडी वरच्या फांदीवर. एक फळ तोडत होता, मान मागं टाकत होता, गिळत होता. मग दुसरं. मग तिसरं. मी मोजलं नाही. बांधावरचा गोटा उचलला अन् मारला.

पहिला फांदीला लागला. दुसरा कुठं गेला माहीत नाही. मी मारत राहिलो. पाखरं भर्रकन उठली अन् नाल्यापलीकडं गेली. झाड रिकामं झालं. हात खांद्यातून दुखू लागला तेव्हा थांबलो.

मेहुणा मला शोधत आला होता. तो बांधावर उभा होता, कधीपासून ते माहीत नाही. म्हणाला, "भाऊजी, घरी चला."

मी घरी आलो. वंदनानं शेजारून आलेली भाकर अन् पिठलं पुढं ठेवलं. मला भूक लागली होती. खरं सांगतो, कडकडून लागली होती. पहिला घास घेतला. मी थांबून वाट पाहिली. तो गेला. दुसरा गेला. भाकर संपली, वंदनानं आणखी अर्धी वाढली, तीही गेली. कुठंही अडकली नाही.